लंबापूरच्या टेकडीवर युरेनियम शोधताना आधी काय बघायचं

मी पुण्याची, काळ्या कातळावर भूगर्भशास्त्र शिकलेली. दख्खनच्या बसाल्टमध्ये युरेनियम दहा लाख भागांत एक भागही भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये सरासरी चारेक भाग असतं. म्हणून शिकायचंच असेल तर तेलंगणात जा, नलगोंडा जिल्ह्यातल्या लंबापूर-पेद्दगट्टूच्या सपाट माथ्याच्या टेकड्यांवर.

पोचल्या पोचल्या सिंटिलोमीटर, म्हणजे गॅमा किरण मोजणारं यंत्र, सुरू करू नका. टेकडीच्या कडेकडेने चाला आणि खालचा ग्रॅनाइट संपून वरचा श्रीशैलम क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला खडक, कुठे सुरू होतो, ती रेघ शोधा. क्वार्टझाइटच्या तळाशी गोटे रुतलेले दिसतील. एक बोट गोट्यावर आणि एक ग्रॅनाइटवर ठेवा. त्या दोहोंमधली कोट्यवधी वर्षं तिथे नोंदलेलीच नाहीत. हीच अनकन्फॉर्मिटी. इथलं बहुतेक खनिज तिच्या लगेच खाली, ग्रॅनाइटमध्ये आहे. कॅनडातल्या अथाबास्का खोऱ्यातले अतिशय समृद्ध साठेही याच जातीचे.

ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून वाहतं. वाटेत त्याचं क्षपण करणारं, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया घडवणारं काही भेटलं, की युरेनिनाइट हे खनिज होऊन तिथेच बसतं. पण पाण्याला आधी वाट हवी. म्हणून भेगा आणि ग्रॅनाइटमध्ये घुसलेले डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, नकाशावर नीट काढा. भेगेजवळचा ग्रॅनाइट हिरवट, ठिसूळ झाला असेल, फेल्डस्पारवर नखाचा ओरखडा उठत असेल, तर नमुना तिथलाच घ्या. तो क्लोराइट आणि इलाइट ही मऊ खनिजं झालेला खडक आहे, म्हणजे इथून गरम पाणी गेलंय.

सिंटिलोमीटर त्यानंतर. किरणोत्सर्गी पोटॅशियममुळे साधा ग्रॅनाइटही काउंट (यंत्राने मोजलेले किरण) देतो, तेव्हा ताज्या खडकाचे काउंट आधी वहीत लिहा. माझ्या पहिल्या मोसमात चौपट काउंट देणाऱ्या एका पट्ट्यावर मी दोन दिवस घालवले. किरणांची ऊर्जा वेगवेगळी दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर लावला तर सगळं थोरियम. त्याची रेषा २.६२ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ला, युरेनियमची १.७६ला. तीही खरं तर बिस्मथ-२१४ ची, म्हणजे युरेनियमच्या वंशजाची. पावसाने युरेनियम धुऊन नेलं आणि रेडियम हा त्याचा वंशज मागे राहिला, तर यंत्र वाजत राहतं आणि दगड रिकामा निघतो. रासायनिक तपासणी झाल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नका.

उलटही होतं. अर्धा मीटर माती गॅमा किरण जवळजवळ अडवते. काउंट पडले म्हणून रेघ सोडू नका. ओढ्याने कडा कापलेली असते तिथे तीच रेघ पुन्हा उघडी सापडते.