फिश टँकला हँग-ऑन फिल्टर कसा निवडावा आणि कसा लावावा

टँकच्या मागच्या काचेवर अडकवायचा फिल्टर दहा मिनिटांत लागतो, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. डबा अडकवा, नळी जोडा, पाणी ओता, प्लग लावा. या दहा मिनिटांत चूक झाली तर फार तर फरशी ओली होईल. मासे मरतात ते महिनाभराने, त्याच खोक्यावरची दुसरी सूचना इमानदारीने पाळल्यावर. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. बाकीचं भराभर उरकू.

निवड

आधी आपल्या टँकमध्ये पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३६ चा टँक म्हणजे ६४.८ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५ च्या आसपास. फुटांत हिशेब करणाऱ्यांनी एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर धरावं.

फिल्टरवर ताशी लिटरचा आकडा असतो. तो बहुतेक वेळा डब्यात काहीच नसताना मोजलेला असतो. आत स्पंज आणि रिंग्ज (सिरॅमिकच्या छोट्या सच्छिद्र नळ्या) भरल्या की प्रवाह घटतो आणि स्पंज मळला की आणखी घटतो. म्हणून पाण्याच्या सहा ते आठ पट आकडा पाहावा. ५५ लिटरला साडेतीनशे ते साडेचारशे. ‘जितका मोठा तितका चांगला’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. डबा मोठा असावा, पण प्रवाह मोठा असलाच पाहिजे असं नाही. बेटा (फायटर) माशाला किंवा लांब झुपकेदार शेपटीच्या गोल्डफिशला जोरदार प्रवाहात ठेवलं तर बिचारा दिवसभर नुसता पोहतच राहतो. प्रवाह कमी-जास्त करायची कळ असलेला फिल्टर घ्या.

मग झाकण उघडून आत डोकवा. दुकानात सगळे बाहेरून बघतात, आत कोणीच बघत नाही. आत चपटं कार्ट्रिज, म्हणजे कापडाची तयार गाळणी, सरकवायची नुसती खाच असेल, तर तो फिल्टर परत ठेवा. मोकळा कप्पा किंवा टोपली असेल, हवं ते हवं तितकं भरता येत असेल, तर तो घ्या.

मोटर कुठे आहे तेही बघा. काहींची डब्याच्या तळाशी असते, काहींची पाण्यात बुडालेल्या नळीच्या खालच्या टोकाला. वीज वारंवार जात असेल तर दुसऱ्या प्रकाराला पर्याय नाही. पंप पाण्यातच असल्यामुळे वीज आल्यावर तो आपोआप सुरू होतो. पहिल्या प्रकारात डब्यातलं पाणी उतरलेलं असेल, तर मोटर कोरडी फिरत बसते.

टँकच्या काठाला पट्टी असेल तर फिल्टर अडकवायचा हूक तिच्यावर बसतो का, आणि टँक व भिंत यांच्यात डबा मावेल एवढी जागा आहे का, हे विकत घेण्याआधी मोजा.

आत काय भरायचं

आता ती सूचना. ‘कार्ट्रिज दर चार आठवड्यांनी बदला.’

माझ्या पहिल्या फिल्टरमध्ये पांढऱ्या कापडाची, पोटात कार्बन भरलेली एक पातळ गादी होती. चार आठवड्यांनी ती तपकिरी, बुळबुळीत झाली. मी ती फेकली, नवी घातली आणि वर हौसेने डबाही नळाखाली ब्रशने घासून लख्ख केला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. मला वाटलं, स्वच्छता कमी पडली. मग वाळूही उपसून धुतली. अकरा निऑन टेट्रांपैकी तीन उरले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं आणि तिन्ही गेले. ती बुळबुळ हाच माझा फिल्टर होता, हे कळायला मला दोन कार्ट्रिज आणि अकरा मासे लागले.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. (नायट्रोस्पिरा जातीचे काही जिवाणू हे सगळं काम एकट्यानेच करतात, असं २०१५ मध्ये उघड झालं. त्याआधी हे दोन वेगळ्या टोळ्यांचंच काम समजलं जायचं.) हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून ‘जुनं पाणी फेकू नका, त्यात चांगले जिवाणू असतात’ हा सल्लाही सोडून द्या. ते स्पंजमध्ये असतात, रिंग्जवर असतात, थोडेफार वाळूत आणि काचेवर. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे वस्ती नुकती उभी राहते आणि खोकं म्हणतं, आता पाडा.

कंपनीला कार्ट्रिज विकायची असतात, त्यात नवल नाही. राग येतो तो तीच ओळ जशीच्या तशी पुढे ढकलणाऱ्या सल्लागारांचा.

तर भरायचं असं. नळीतून आलेलं पाणी आधी जाडसर छिद्रांच्या स्पंजला भेटलं पाहिजे. कचरा तिथे अडतो. त्यानंतर जाळीच्या पिशवीत सिरॅमिक रिंग्ज, कप्पा भरेल तितक्या. पाणी अगदी नितळ हवं असेल तर सगळ्यात शेवटी पांढऱ्या फायबरचा पातळ थर. तो मात्र मळला की खुशाल फेका, वस्ती त्याच्यावर अवलंबून नाही. क्रम उलटा केलात तर रिंग्जची भोकं गाळाने बुजतात.

कार्बन रोज लागत नाही. औषधोपचार संपल्यावर पाण्यात उरलेलं औषध काढायला किंवा लाकडामुळे आलेला चहासारखा रंग उतरवायला तो उत्तम. काही आठवड्यांत त्याची शोषायची ताकद संपते. औषध चालू असताना तो आत राहिला तर औषध तोच गिळतो आणि मासा तसाच आजारी राहतो.

कार्ट्रिजवालाच फिल्टर गळ्यात पडला असेल तर जुनं कार्ट्रिज लगेच काढू नका. त्याला चीर देऊन कार्बन ओतून टाका आणि कापड जागच्या जागी ठेवा. मागे उरेल त्या जागेत स्पंजचा कापलेला तुकडा आणि थोड्या रिंग्ज बसवा. सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्या, मगच कापड काढा. ओळखीच्या कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधल्या मूठभर रिंग्ज मागून आणा. आणताना त्या त्याच टँकच्या पाण्यात भिजलेल्या राहू द्या आणि वाटेत रेंगाळू नका. दुकानात बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंपेक्षा माझा यावर कितीतरी जास्त भरवसा आहे.

वस्ती जमली का, हे पाण्याकडे बघून कळत नाही. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींची थेंबांची चाचणी घ्या. मासे सोडायच्या आधी दोन्ही शून्य दिसले पाहिजेत. मात्र रिकाम्या टँकमध्ये ते पहिल्या दिवसापासूनच शून्य असतात, त्याला अर्थ नाही. अमोनियाचा काहीतरी स्रोत चालू ठेवूनही ते शून्यावर आले तर वस्ती जमली. मासे आधीच सोडून बसला असाल तर खाद्य कमी करा, रोज चाचणी घ्या, आकडा चढला की थोडं पाणी बदला.

आणि धुणं. पाणी बदलताना टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा, परत बसवा. बस. तो तपकिरीच राहणार आणि तसाच राहिला पाहिजे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते तुमचे-आमचे जंतू निवडत बसत नाही. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी धुऊ नका. कधी धुवायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. पडणारी धार मंदावली किंवा पाणी स्पंजमधून न जाता बाजूने उसळून परत येऊ लागलं की वेळ झाली. रिंग्ज तर मी महिनोन्‌महिने हलवतही नाही.

अडकवणं

नळी वाळूपासून चार-पाच सेंटिमीटर वर राहील एवढीच ठेवा, नाहीतर ती वाळू ओढेल. तोंडावर छोटा स्पंज चढवा. कोळंबी आणि पिल्लं त्यामुळे वाचतात. दर आठवड्याला तो पिळा, कारण सगळ्यात आधी तोच बुजतो.

डब्याच्या मागे खाली एक फिरकी किंवा सरकती पट्टी असते. ती डबा उभा सरळ ठेवण्यासाठी आहे. डबा मागे कलला तर पाणी टँकऐवजी भिंतीकडून उतरतं. वायर प्लगपेक्षा खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता झोक्यावरून खाली टपकेल.

सुरू करणं

नवी वाळू घातली असेल तर गढूळ पाणी खाली बसेपर्यंत थांबा. मग मगाने डबा काठोकाठ भरा, झाकण लावा आणि प्लग सुरू करा. एक-दोन मिनिटांत धार लागली पाहिजे. नुसती गुरगुर झाली आणि पाणी आलं नाही, तर हवा अडकली आहे. प्लग काढा, नळीचे जोड दाबून बसवा, डबा पुन्हा भरा. ‘चालू ठेवा, येईल आपोआप’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. या मोटरला थंडावा आणि वंगण दोन्ही पाण्यातूनच मिळतं. टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.

पाणी धबधब्यासारखं आवाज करत पडत असेल तर टँकमधली पातळी धारेच्या ओठाच्या जवळ आणा. बाष्पीभवनाने पातळी उतरली की आवाज वाढतो आणि पंपालाही पाणी जास्त उंच चढवावं लागतं.

वीज तास-दोन तास गेली तर काही करायची गरज नाही. बराच वेळ गेली तर डब्यातल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वस्ती मरू लागते आणि पाण्याला वास येतो. ते पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. ओतून द्या, स्पंज टँकच्या पाण्यात पिळा, मग सुरू करा. वीज लवकर येणार नाही हे आधीच ठाऊक असेल तर मी स्पंज आणि रिंग्जची पिशवी उचलून सरळ टँकमध्ये सोडते.

चालता चालता खरखर सुरू झाली तर दहापैकी नऊ वेळा इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या मोटरच्या फिरत्या पात्यात, वाळूचा कण असतो. प्लग काढून इम्पेलर उपसा, तो आणि त्याची खोबण जुन्या टूथब्रशने घासा. हा एकच भाग असा आहे की जो नळाखाली मनसोक्त धुवावा.