जामीन मंजूर झाला, आता या चुका टाळा

जामीन मंजूर झाल्याचा फोन आला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. खरं काम तिथून सुरू होतं. मंजूर झालेला जामीन कागदांअभावी आठवडेच्या आठवडे अडकून पडतो आणि मिळालेला जामीन एखाद्या फोन कॉलमुळे जातो, हे जिल्हा न्यायालयात वावरणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा टाळता येतात. या लेखात मी गुन्हा केला की नाही यावर बोलत नाही. खटला चालायचा आहे आणि तोवर माणूस कायद्यापुढे निर्दोष आहे, एवढं धरून चालू.

ऑर्डर न वाचणं

जामिनाची ऑर्डर दहा-बारा पानांची असली तरी तुमच्या कामाचा भाग शेवटच्या पानावर असतो. रक्कम, जामीनदार, हजेरी, हद्द, पासपोर्ट, साक्षीदार असं सगळं तिथं क्रमांक घालून लिहिलेलं असतं. ऑर्डर इंग्रजीत असेल तर वकिलांसमोर बसून एकेक अट मराठीत लिहून घ्या आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा ठेवा. "दर सोमवारी सकाळी 11 ते 1, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत" या ओळीतले शेवटचे तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत. काही जण दोषारोपपत्र येऊन वर्ष झालं तरी ठाण्यात जात राहतात. काही जण "आता कुणी विचारत नाही" म्हणून दुसऱ्या महिन्यातच थांबतात आणि मग सरकारी वकील जामीन रद्द करण्याचा अर्ज घेऊन उभे राहतात.

हजेरीला गेलात तर रजिस्टरमध्ये सही करून तसेच परतू नका. एक साधी वही सोबत न्या, तारीख-वेळ लिहा, ड्यूटीवरच्या अंमलदाराची सही घ्या. सही मिळाली नाही तर त्याच दिवशी वकिलांना कळवा. रजिस्टर ठाण्याच्या ताब्यात असतं, तुमच्या हातात फक्त तुमची वही असते.

भाड्याचा जामीनदार

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. कोर्टाच्या आवारात कुणीतरी भेटतो, "माणूस देतो, कागद त्याचेच" म्हणतो, आणि घाईला आलेले नातेवाईक पैसे मोजतात. पुढचं दृश्य ठरलेलं असतं. न्यायाधीश साहेब विचारतात, "आरोपी तुमचा कोण लागतो?" जामीनदार म्हणतो, "ओळखीचा आहे." "नाव काय त्याचं?" आणि तो वकिलांच्या तोंडाकडे बघतो. जामीनदार तर फेटाळला जातोच, वर खोट्या कागदपत्रांचा नवा गुन्हा दाखल होऊ शकतो, तोही जामीनदारापुरता थांबत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे जामीनदारानं आपण एकूण किती जणांना जामीन राहिलो आहोत हे तपशिलासह जाहीर करायचं असतं. त्यात लपवाछपवी चालत नाही.

मामा, चुलत भाऊ, जुना शेजारी, कारखान्यातला सहकारी असा आरोपीला खरंच ओळखणारा माणूस शोधा. त्याला नीट समजावून सांगा की आरोपी तारखेला आला नाही तर बंधपत्राची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. हे न सांगता सही घेणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

कागदांची तयारी जामिनाच्या सुनावणीआधीच सुरू करा. आधार, रेशनकार्ड, फोटो, चालू सातबारा आणि आठ अ, किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, ज्याला सगळे सॉल्व्हन्सीच म्हणतात, तो मागितला असेल तर त्यात दिवस जातात. सातबारा सामाईक असेल, त्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, आधारवर एक नाव आणि उताऱ्यावर दुसरं असेल, तर प्रश्न विचारले जाणारच.

जामीनदार मिळतच नसेल तर? इथं लोक गप्प बसतात, आणि मला याचीच सर्वांत जास्त खंत वाटते. 1978 साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या आणि त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं. म्हणजे "जामीनदार याच तालुक्यातला हवा" असं कुणी म्हणालं तर ते अंतिम समजू नका. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच न्यायालयानं अनेक राज्यांत गुन्हे असलेल्या एकाला सगळ्या प्रकरणांत तेच जामीनदार देण्याची मुभा दिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्यापर्यंत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या कैद्याला, जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवेच्या कार्यालयात जा. यात कमीपणा कसला?

रोख रक्कम भरून काही आठवड्यांत जामीनदार देतो, अशी सवलत घेतली असेल तर ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. माणूस घरी आला की ती विसरली जाते.

"मी फक्त समजूत काढायला गेलो होतो"

साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही, ही अट जवळपास प्रत्येक ऑर्डरमध्ये असते. शहरात ती पाळणं तुलनेनं सोपं आहे. गावात फिर्यादी भावकीतलाच असतो, बांधाला बांध लागलेला असतो, पाण्याची पाळीही एकच. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. तुम्ही स्वतः फोन करणार नाही. बायको, आई, मित्र, सरपंच यांच्यामार्फत निरोपही पाठवणार नाही. कायद्याच्या भाषेत "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द आहेत आणि निरोप त्यातच मोडतो. पैसे देऊ करणं किंवा "मिटवून घेऊ" म्हणणं यालाही आमिष म्हणता येतं. तडजोड खरंच होण्यासारखी असेल तर ती दोन्हीकडच्या वकिलांमार्फत, कागदावर होऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर गावाचा ग्रुप असेल तर त्यात प्रकरणाविषयी एक ओळही टाकू नका. स्टेटसला टोमणा नको. सुटल्यावर मिरवणूक, फटाके, फलक, गाडीच्या टपावरून रील तर मुळीच नको. मध्य प्रदेशातल्या बलात्काराच्या एका प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपीचा जामीन रद्द केला, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी लागलेल्या फलकांचीही दखल घेतली होती. तुमच्या मित्रांना तो उत्साह वाटतो, पण तक्रारदाराला त्यातून धमकीच ऐकू येते.

उलटही होतं. फिर्यादीच वाटेत अडवतो, शिव्या देतो, भडकवतो. उत्तर देऊ नका. तारीख-वेळ लिहा, त्याच दिवशी पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अट झेपत नाही म्हणून मोडणं

जिल्ह्याबाहेर जायचं नाही, ही अट ऑफिसात काम करणाऱ्याला सुसह्य असते. बीडच्या ऊसतोड कामगाराला मात्र ती उपासमारीची अट ठरते, कारण हंगाम सुरू झाला की त्याला जोडीदारासह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जावंच लागतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. मग तो न सांगता जातो, तारीख चुकते, वॉरंट निघतं. हे सगळं एका अर्जानं टळलं असतं. हंगामाआधी न्यायालयात अर्ज द्या, कारखान्याचा पत्ता, मुकादमाचं नाव, मोबाइल क्रमांक द्या, आणि तारखेला हजर राहीन असं लिहून द्या. परवानगी मिळेलच असं नाही, पण न विचारता गेलात तर तुमच्या बाजूनं बोलायला वकिलांकडे काहीच उरत नाही.

अटी बदलून मिळतात. ऑक्टोबर 2021 मध्ये आर्यन खानला मुंबई उच्च न्यायालयानं दर शुक्रवारी एनसीबी या अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेच्या कार्यालयात हजेरीची अट घातली होती. डिसेंबरमध्ये अर्ज केल्यावर त्याच न्यायालयानं ती काढली. (मे 2022 मध्ये एनसीबीनं त्याच्यावर दोषारोपपत्रच दाखल केलं नाही.) हा मार्ग फक्त मोठ्या घरच्यांसाठी आहे असं समजू नका, अर्ज तोच असतो. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात गुगल मॅपवर सतत ठिकाण कळवण्याची अट बेकायदा ठरवली, कारण जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात तपास यंत्रणेला असं कायम डोकावता येत नाही.

तारीख चुकली तर

दवाखाना, एसटीचा संप, घरातलं मयत, कारण काहीही असो, त्याच सकाळी वकिलांना कळवा म्हणजे हजेरी माफीचा अर्ज देता येतो. कळवणं जमलं नाही आणि अजामीनपात्र वॉरंट निघालं, तर पोलीस दारात येण्याची वाट बघू नका. कागद घेऊन स्वतः कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आपण होऊन आलेल्या माणसाकडे आणि पकडून आणलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेनं बघतं. जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तारखा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकून स्वतः बघत चला.

आणखी दोन गोष्टी. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून मिळालेला जामीन असेल, तर दिलेल्या मुदतीत जामीनदार द्याच. तो दिला नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र आलं, तर तो हक्क हातचा जाऊ शकतो. अटकपूर्व जामिनात "तपासाला सहकार्य" ही अट असते, त्याचा अर्थ बोलावल्यावर जाणं आणि विचारलेल्याला उत्तर देणं. गुन्हा कबूल केला नाही म्हणजे सहकार्य केलं नाही, असं होत नाही. 2017 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे.

निकाल लागला, अगदी निर्दोष सुटका झाली, तरी जामीनदार लगेच मोकळा झाला असं धरू नका. वरच्या न्यायालयात हजर राहण्यासाठी घेतलेलं बंधपत्र सहा महिने चालू राहतं. ती मुदत संपली की भरलेली रोख रक्कम आणि जमा केलेला पासपोर्ट परत मिळण्यासाठी अर्ज करा, सोबत मूळ पावत्या जोडा.