बिनदुधाचा भोपळ्याचा लोफ: या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ ग्लास थेट हातात देतात. अशा गावात ‘पोराला दूध चालत नाही’ म्हटलं की लोक आधी पोराकडं बघतात आणि मग त्याच्या आईकडं. माझ्या नणंदेचं हे नेहमीचंच. भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्यामुळं वाढदिवसाला बेकरीतलं काही आणायची सोय नाही. म्हणून मी घरी तांबड्या भोपळ्याचा मसाला लोफ, म्हणजे लांबट टिनात भाजलेला केक, करायला घेतला. पहिले तीन लोफ गच्च, ओले आणि मधे खड्डा पडलेले निघाले. चौथा मसाल्यामुळं वाया गेला. ते पुढं सांगतेच.

आधी माप देते, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कळेल. मैदा १२० ग्रॅम, कणीक ८० ग्रॅम, शिजवून आटवलेला भोपळ्याचा गर २२५ ग्रॅम, किसलेला गूळ १८० ग्रॅम, तेल १०० मिली, २ अंडी, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, लिंबाचा रस एक मोठा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा आणि मसाले. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या. वाटीनं मोजलेला भोपळा दर वेळी वेगळा भरतो.

‘तुपात कुठलं आलंय दूध?’

पहिली चूक मापात नव्हती, टिनाला लावलेल्या हातात होती. मी मिश्रण करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी मदत म्हणून टिन पुसून तयार ठेवला. ‘तूप लावलंय की गं डब्याला, आता कशाला चिकटतंय!’ त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण आपल्याकडं तूप म्हणजे दूध असं कुणी धरतच नाही. पण तूप कितीही कढवलं तरी दुधातल्या प्रथिनांचा अंश त्यात उरू शकतो, आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते. टिन घासून परत धुतला.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. पोट बिघडतं, पण तुपानं त्यांना सहसा काही होत नाही. ॲलर्जीचं तसं नसतं. तिथं ‘लॅक्टोज फ्री’ लिहिलेलं दूधही उपयोगाचं नाही. ‘गाईचं चालत नसंल तर म्हशीचं घाल’ हा सल्ला मला निदान चौघींनी दिला. गाय, म्हैस, शेळी या सगळ्यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी असली तर दुसरं दूध देऊन बघायचं नसतं.

पाकिटं वाचा. मार्गारिनमध्ये बऱ्याचदा दुधाचे घन पदार्थ असतात. नारळाच्या दुधाच्या पावडरीत केसिन किंवा सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधातनंच येतं. व्हे (दुधाची निवळी) हा शब्द दिसला तरी पाकीट परत ठेवा. आणि उलट बाजूनं, अंडं म्हणजे डेअरी नव्हे. अंडं कोंबडीचं, दूध जनावराचं. दुकानात एकाच फ्रिजमध्ये असतात म्हणून एका जातीचे होत नाहीत. ज्यांना अंडं नको त्यांनी दर अंड्यामागं एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून घालावी. लोफ थोडा कमी फुगतो, चव छान लागते.

दूध काढलं, आता त्या जागी काय घालू? काही नाही

माझे तीन लोफ या एकाच प्रश्नानं घालवले. पाककृतीत दूध होतं, ते काढलं, म्हणून तेवढंच नारळाचं दूध घातलं. पुढच्या वेळी सोयाचं. मधला खड्डा सोडला तर वरून लोफ झकास दिसायचा, कापला की मधोमध शिऱ्यासारखा ओला पट्टा.

उत्तर आईच्या घारग्यात होतं. घारग्याला भोपळा किसून गुळात शिजवतात आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घालतात. पाण्याचा थेंब नाही. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, गूळ पडला की ते आणखी सुटतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ओव्हन आला आणि टिन आला की आपण घरचं शहाणपण ओट्यावर ठेवून मोबाइलवरचं माप घ्यायला लागतो. त्यातलं बरंचसं परदेशी डबाबंद गराचं असतं. तो गर आधीच घट्ट असतो. आपण मात्र कुकरमध्ये भोपळ्यावर पाणी ओतून तीन शिट्ट्या करतो आणि तेच मिक्सरला लावतो.

मी आता असं करते. कपिलतीर्थ मंडईतनं घेताना फोड बघून घेते: गर गडद केशरी, साल टणक, बिया भरलेल्या. फिकट पिवळा, पाणचट वाटणारा भोपळा भाजीला ठीक, लोफला नको. सालीसकट सहाशे-सातशे ग्रॅमची फोड पुरते. फोडी कुकरच्या आतल्या भांड्यात झाकण ठेवून वाफवायच्या, पाणी फक्त कुकरच्या तळाशी, फोडींत नाही. मग चाळणीवर अर्धा तास निथळायला ठेवायच्या आणि पुरणयंत्रातनं काढायच्या. मिक्सरपेक्षा पुरणयंत्र बरं, रेषा राहत नाहीत आणि गर पातळही होत नाही. मग जाड बुडाच्या कढईत आठ-दहा मिनिटं परतायचा. कालथ्यानं मधोमध रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की झालं. पुरण झालं की नाही हे जिला कळतं तिला हेही कळेल.

आटल्यावर वजन करायचं, आधी नाही. त्या गरम गरातच किसलेला गूळ घालायचा. वेगळं पाणी घालून गूळ विरघळवला तर पुन्हा तेच, मागल्या दारानं पाणी आत. गुळात खडे-कचरा निघाला तर मिश्रण गरम असतानाच परत चाळणीतनं दाबून काढा. मग पूर्ण गार होऊ द्या. गरम गरात अंडी फोडली की त्यांच्या गाठी होतात, एकदा माझा लोफ अंडाबुर्जीच्या वाटेवर गेला होता.

तेलाबद्दल थोडंसं. घाण्याचं शेंगतेल मला जीव की प्राण आहे, पण लोफमध्ये त्याचा वास दालचिनीच्या वर चढतो. सूर्यफुलाचं रिफाइंड घ्या. खोबरेल चालतं, फक्त थंडीतल्या सकाळी फ्रिजमधल्या गारढोण गरात ओतू नका. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं आणि मिश्रणात पांढरे कण दिसायला लागतात.

दही गेलं, सोडा एकटा पडला

ही चूक कळायला सगळ्यांत उशीर लागला. आपल्या बिनअंड्याच्या केकच्या मापांत दही किंवा ताक असतं. ते नुसतं ओलाव्यासाठी नसतं. खायच्या सोड्याला आंबट काहीतरी लागतं, तेव्हाच तो पुरेसा वायू सोडतो आणि केक फुलतो. दूध-दही काढलं आणि सोडा तेवढाच ठेवला तर तो अर्धवट पडून राहतो. लोफ काळपट होतो, बसका होतो आणि जिभेवर साबणासारखी चव येते. मग लोक सोडा वाढवतात आणि साबणही वाढतो.

पाव छोटा चमचा सोड्याला एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा साधं व्हिनेगर, हे गणित मला जमलेलं आहे. उरलेलं फुगवायचं काम बेकिंग पावडर करते, तिच्यात आंबट घटक आधीच मिसळलेला असतो. पावसाळ्यात उघडलेली पावडर लवकर मरते. चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर कचऱ्यात.

ऑलस्पाइस म्हणजे गरम मसाला नव्हे

चौथा लोफ. पाककृतीत ऑलस्पाइस लिहिलं होतं. मला वाटलं ‘सगळे मसाले’, म्हणजे आपला गरम मसाला. घरात मटणासाठी भाजून कुटलेला होता, दगडफुलासकट. लोफ बाहेर आला तेव्हा अख्ख्या मंगळवार पेठेला रस्सा शिजल्याचा वास गेला असेल. भाच्यानं एक घास घेतला आणि विचारलं, ‘मामी, पांढरा रस्सा कुठाय?’

ऑलस्पाइस हे एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे, मिरीसारखं दिसणारं, कॅरिबियन बेटांकडचं. ते नसलं तरी अडत नाही. दालचिनी दोन छोटे चमचे, सुंठ एक, जायफळ पाव चमचा ताजं किसून, तीन-चार लवंगांची पूड. लवंगेचा हात आखडता ठेवा, जास्त झाली की दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. वेलदोडा मी घालत नाही, त्यानं लोफ मिठाईकडं झुकतो. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅसिया असते, ती तिखट असते, म्हणून नवीन पुडी आणली की पहिल्यांदा दीड चमचाच. पूड तेलात कालवून मग मिश्रणात घातली तर वास जास्त उठतो.

फेटायचं नाही, कालवायचं

ओलं एकीकडं, कोरडं चाळून दुसरीकडं, मग दोन्ही एकत्र आणि पीठ दिसेनासं झालं की थांबा. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. केक म्हणून मिक्सर चालवत बसलं की मैद्याचा चिवटपणा सुटतो आणि लोफमध्ये लांबट बोगदे पडतात. सगळी कणीक वापरायची तर लक्षात ठेवा, गिरणीवरची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. लोफ कोरडा पडला तर गराचे एक-दोन चमचे वाढवा, दूध आठवू नका.

टिन, ओव्हन आणि वळीव

वरचं माप साडेआठ बाय साडेचार इंची टिनाचं आहे. आठ बाय चारच्या टिनात ते जवळजवळ काठाला येतं आणि ओव्हनच्या तळाशी सांडतं. दोन तृतीयांश भरा, उरलेल्याचे कपकेक करा. टिनाला तेल आणि बटर पेपर. (नाव बटर पेपर असलं तरी त्यात बटर नसतं. नणंदेनं खरंच विचारलं होतं.)

ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) १७० अंशांवर, पंधरा मिनिटं आधी तापवून, टिन मधल्या कप्प्यात, ५५ ते ६५ मिनिटं. गुळाचा लोफ साखरेच्या लोफपेक्षा लवकर लाल होतो, म्हणून १८० वर ठेवला की वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. चाळीस मिनिटांनी रंग चढला असेल तर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल झाका. त्याआधी दार उघडायचं नाही. स्वस्तातल्या ओटीजीचे आकडे मनाचे असतात, आत ठेवायचा तापमापक मिळतो, तो घ्या. माझा ओटीजी १७० म्हणतो तेव्हा आत १९० असतात.

विणायची सुई मधोमध खुपसून बघा. भोपळ्यामुळं ती अगदी कोरडी निघणार नाही, ओलसर कण चिकटले तर चालतं, पातळ पीठ लागलं तर अजून दहा मिनिटं. वरची भेग ओली चमकत असेल तरी थांबा.

आणि मे महिन्यात दुपारी चारनंतर लोफ लावू नका. आकाश भरून येतं, वळीव कोसळतो, वीज जाते. माझा लोफ पंचविसाव्या मिनिटाला अंधारात बसला. त्या वेळी दार उघडून बघण्याचा मोह होतो, तो टाळा, आतली ऊब थोडा वेळ टिकते. दहा-पंधरा मिनिटांत वीज आली तर वेळ वाढवून पुढं चालू. नाही आली तर जाड बुडाचं पातेलं झाकण ठेवून गॅसवर दहा मिनिटं तापवा, आत स्टँड ठेवा, टिन त्यावर आणि आच मंद. कुकर घेणार असाल तर शिट्टी आणि रबर काढूनच, आत पाणी न घालता. वरचा रंग येणार नाही, लोफ वाचेल.

गरम कापू नका

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं टिनात, मग जाळीवर. टिनातच विसरलात तर वाफेनं बूड ओलं होतं. गरम कापला तर सुरीला चिकटतो आणि आपल्याला वाटतं कच्चाच राहिला. दोन तास तरी थांबा. खरी चव दुसऱ्या दिवशी, मसाला मुरल्यावर.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी चढलेलं असतं आणि घरात मीठसुद्धा ओलं होतं, तेव्हा हा लोफ दोन दिवसांत बुरशी धरतो. बाहेर एकच दिवस, मग काप करून फ्रीझरमध्ये. कोमट असताना डब्यात घातलात तर एवढाही टिकणार नाही.

आणि एवढं करूनही मधे बसला तर? बोटाएवढे काप करा आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, आतला ओलावा मरतो. आमच्याकडं हे काम सासूबाईंचं. परवा तवा तापला आणि त्यांचा हात सवयीनं तुपाच्या भांड्याकडं गेला. तिथंच थांबला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘त्या किटलीत तेलच हाय न्हवं?’