तीस हजारांतली इलेक्ट्रिक गिटार कशी पारखायची

इलेक्ट्रिक गिटारमधलं जवळपास सगळं नंतर बदलता येतं. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) बदलतात, खुंट्या बदलतात, जॅक आणि पॉट (आवाजाच्या गोल बटणांखालचे भाग) तर पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात. फसलात तर नेकमध्ये, म्हणजे बोटं फिरतात त्या दांड्यात फसता. स्क्रूवर बसवलेली नेक काढून दुसरी लावता येते खरी, पण चांगल्या नेकच्या किमतीत जवळजवळ नवी गिटार येते. म्हणून या बजेटमध्ये डोळे बॉडीच्या रंगावर नकोत, आधी नेक आणि तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट बघायचे. लाकडाच्या जातीवरून दुकानात वाद घालण्यातही अर्थ नाही. या किमतीत पॉपलर काय नि बासवुड काय, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

आधी हिशेब. एकूण तीस हजार असतील तर गिटारवर अठरा ते वीस, ॲम्पवर सहा-सात, आणि उरलेल्यात तीन मीटरची केबल, पट्टा, क्लिपचा ट्यूनर, ९-४२ च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२) तारांचे दोन सेट आणि सेटअप, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेणं. सेटअपला हजार-दीड हजार बाजूला ठेवाच. सगळे पैसे गिटारवर घालून ‘ॲम्प नंतर बघू’ म्हणणारे सहा महिने नुसत्या तारा खुडखुडवत बसतात आणि मग गिटार कपाटावर जाते. ॲम्प दहा ते वीस वॅटचा पुरतो, पण त्याला हेडफोनची जागा हवीच. सदाशिवातला वाडा असो की वाकडची सोसायटी, रात्री दहानंतर तुमचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जातोच. लॅपटॉप बरा असेल तर ॲम्पच्याच पैशांत साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) घेतलेला चालतो. गिटार, ॲम्प, पिशवी असा एकत्र डबा मिळतो त्यात बहुधा ॲम्प नावापुरता असतो. शक्यतो टाळा.

आता आकार. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीत तारेची वाजणारी लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनच्या लेस पॉलच्या घडणीत २४.७५ इंच, सुमारे ६२८. फरक दोन सेंटिमीटरचा, पण त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर सैल लागतात आणि वाकवायला सोप्या जातात. उलट लेस पॉल चार किलोच्या पुढे जाऊ शकते. तासभर उभं राहून वाजवायचं असेल तर खांदा सांगेलच.

पिकअपमध्ये पहिल्या गिटारला ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल ही जोडणी सगळ्यात सोयीची. सिंगल कॉइल स्वच्छ वाजतो, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतो. डिमर लावलेला दिवा, मोबाइलचा चार्जर जवळ असला की जास्तच. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे घरघर आपापसांत कटते. डिस्टॉर्शन (रॉकमधला फाटका आवाज) लावायचं असेल तर तो हवाच.

ब्रिज स्थिर असलेला बघा. तारांना दोन्हीकडे कुलूप लावणारा फ्लॉइड रोझ धाटणीचा ट्रेमोलो (दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज) स्वस्त गिटारवर दिसला तर सरळ पुढे चला. तो ज्यांवर डोलतो त्या चाकूधारा मऊ धातूच्या असतात, लवकर झिजतात, आणि एक तार बदलली की सहाही तारांचा सूर हलतो. साधा सहा स्क्रूचा ट्रेमोलो चालेल. मागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळले की ब्रिज बॉडीला टेकून बसतो आणि निम्मी कटकट संपते.

नावं विचाराल तर यामाहाची पॅसिफिका ०१२, बजेट ताणता आलं तर ११२, स्क्वायरची सोनिक किंवा अफिनिटी, आयबानेझची जिओ, कॉर्टची एक्स किंवा जी मालिका. आमचा कौल पॅसिफिकाला, कारण एका नगात आणि दुसऱ्यात तफावत कमी निघते. पण हा कौल मॉडेलचा झाला. तुम्ही विकत घेता तो एक नग, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत एक उत्तम, एक रडका असू शकतो. म्हणून दुकानात जा आणि दोन-तीन नग काढायला लावा.

जाताना खिशात ट्यूनर, उठावाची अक्षरं नसलेली तीन एटीएम कार्डं आणि झेरॉक्सचा एक कागद ठेवा. तेवढी अवजारं पुरतात.

पहिल्यांदा गिटार सुरात लावा. ढिल्या तारांवर केलेली कुठलीही तपासणी खोटी. मग हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूने एक डोळा मिटून नेकवरून ब्रिजकडे बघा. किंचित खोलगटपणा हवा. पीळ मात्र चालणार नाही. नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीची) रेघ आणि ब्रिजची रेघ एकमेकींना समांतर दिसत नसतील तर नेक पिळली आहे, आणि ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) वाक निघतो, पीळ निघत नाही. ती गिटार परत द्या.

खोलगटपणा मोजायला सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथे, साधारण सोळाव्या-सतराव्यावर, एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटवर तारेखाली फट दिसेल. झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. दुहेरी घडी अलगद सरकली तर ठीक. चौपदरी घडीही सैल जात असेल तर नेक जास्त वाकलेली आहे. एकेरी कागदही जात नसेल तर फार सरळ किंवा उलटी ताणलेली. दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने सुधारतात, म्हणून दुकानदाराला तिथेच पाव फेरा फिरवायला सांगा. रॉड फिरायला तयार नसेल, किंवा त्याच्या टोकाचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढे जागा उरलेली नाही.

मग तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटरचं असतं. बाराव्या फ्रेटवर दोन कार्डं एकावर एक ठेवा. सगळ्यात बारीक तारेखालून ती तार न उचलता जेमतेम जायला हवीत. जाड तारेखाली दोन कार्डं आणि तिहेरी कागद, म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर. तीन कार्डं सैल जात असतील तर ॲक्शन उंच आहे. ही उंची कमी करता येते, पण करून दाखवा म्हणा. काही गिटारींची उंची मुद्दाम ठेवलेली असते, कारण खाली आणली की फ्रेट बोंबलतात.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ॲम्प न जोडता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. सहा तारा, बावीस फ्रेट, १३२ सूर, पाच-सात मिनिटं लागतात. खर्रर्र कुठे येते ते लक्षात ठेवा. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर नेक फार सरळ आहे. एकाच जागी असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. खात्रीसाठी एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर उभी धरून डोलवा. मधला उंच असेल तर कार्ड टक-टक करतं. एक फ्रेट उंच असेल तर कारागीर बसवून देतो, तीन-चार असतील तर दुसरा नग मागा. शेवटी बारीक तार चौदाव्या-पंधराव्या फ्रेटवर पूर्ण एक सूर (दोन फ्रेटांइतका) वर ओढा. सूर मध्येच मेला तर वरचे फ्रेट समतल नाहीत.

फ्रेटांच्या टोकांवरून अंगठा नेकच्या दोन्ही कडांना फिरवा. टोचतंय का? पुण्याची हवा इथे कामाला येते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, आणि टोकं बाहेर येतात. जुलैत गुळगुळीत लागलेली गिटार मार्च-एप्रिलमध्ये बोटं ओरबाडू शकते. उन्हाळ्यात घ्यायला गेलात तर उलट फायदा: तेव्हा गुळगुळीत असलेली पुढेही तशीच राहण्याची शक्यता जास्त.

सूर टिकतो का बघायला तिसरी तार दोन-तीनदा जोरात ओढा आणि ट्यूनर बघा. सूर उतरला, आणि नटच्या मागे तार बोटाने दाबल्यावर परत आला, तर दोष खुंट्यांचा नाही. तार नटच्या खाचेत अडकते आहे. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येतो तोही त्याचाच. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बहुतेक वेळा भागतं, त्यामुळे एवढ्यावरून चांगली नेक नाकारू नका. दुकानातल्या नव्या तारा अजून ताणलेल्या नसतात, तेही धरून चाला.

ॲम्प जोडला की पिकअप निवडायच्या स्विचच्या पाचही जागा तपासा, पॉट शेवटपासून शेवटपर्यंत फिरवा, केबल जॅकमध्ये हलवून बघा. खरखर किंवा तुटणारा आवाज ही भाव पाडून मागण्याची सबब आहे, गिटार नाकारण्याची नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंगची तार जोडलेली आहे. घरी मात्र ॲम्प तीन पिनांच्या, खरं अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं आणि मागे तार नसते, तेव्हा वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

वापरलेली घ्यायची असेल तर मे-जूनमध्ये शोधा. इंजिनिअरिंगची मुलं तेव्हा खोल्या सोडतात आणि गिटार घरी न्यायची नसते. वरच्या तपासण्या सगळ्या तशाच, शिवाय पहिल्या तीन फ्रेटांवर बारीक तारांखाली खड्डे पडलेत का बघा. लेस पॉल धाटणीची असेल तर नटच्या मागे हेडस्टॉकवर केसाएवढी रेघ शोधा. ती तिथेच मोडते. आणि पंचवीस हजारांत ‘गिब्सन’ मिळत असेल तर ती गिब्सन नाही. खऱ्या गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला साधारणपणे दोन स्क्रू असतात, नकलेला बहुधा तीन.

घरी आणल्यावर पंधरा दिवस खोलीत राहू द्या, मग सेटअप करून घ्या. तारा आधी ठरवा, कारण ९ वरून १० वर गेलात की नेकचा ताण बदलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का हे कारागिरासमोरच बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. पावसाळ्यात ॲक्शन थोडी वर आली तर घाबरू नका. पाव फेऱ्याचं काम असतं, आणि ते ऑगस्टमध्ये करून घेतलंत तर फेब्रुवारीत उलटं फिरवावं लागेल.