सूक्ष्म भिंगं छापताय? लेझरला दोष देण्याआधी या चुका टाळा

“पॉवर वाढवू का?” नवशिक्याचा पहिला प्रश्न हाच. भिंग काचेवरून सुटलं, वाढव पॉवर. पृष्ठभाग खरखरीत आला, वाढव पॉवर. अरे, टू-फोटॉन छपाईत, म्हणजे एकाच वेळी लेझरचे दोन फोटॉन शोषून रेझिन घट्ट होतं त्या छपाईत, शोषण प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून तर रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) फक्त फोकसपाशी घट्ट होतं, बाकी सगळं द्रव राहतं. पण त्याच वर्गापायी 10 टक्के पॉवर वाढवली की शोषण 21 टक्क्यांनी वाढतं. आणखी पुढे गेलात की रेझिनमध्ये बुडबुडे फुटतात आणि भिंग कचऱ्यात. मी रेझिनची नवी बाटली उघडली की आधी बारक्या ठोकळ्यांची जाळी छापतो: आडवी पॉवर बदलत, उभा स्कॅनचा वेग बदलत. अर्धा तास जातो, जाऊ दे.

आता माझी स्वतःची फजिती. रेझिन आणि काच यांचा अपवर्तनांक इतका जवळजवळ असतो की त्यांच्या सीमेवरून परावर्तन फारसं येत नाही आणि मशीनला पृष्ठभाग सापडत नाही. त्यासाठीच आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, वीज वाहून नेणारा पारदर्शक पदार्थ) पातळ लेप दिलेली काच घेतात. एकदा मी ती उलटी बसवली. मशीन शोधून थकलं, ऑटोफोकस लागेना. तेव्हाच थांबायला हवं होतं. घरी जायची घाई, म्हणून अंदाजाने हातानेच फोकस लावला आणि रात्रभराची छपाई सुरू करून निघालो. सकाळी कॅमेऱ्यात भिंगांच्या रांगा इतक्या देखण्या दिसत होत्या की मी खूशच. काच डेव्हलपरमध्ये (न घट्ट झालेलं रेझिन धुऊन काढणाऱ्या द्रवात) बुडवली आणि सगळी रांग डोळ्यांदेखत तरंगत निघून गेली. छपाई काचेला टेकलीच नव्हती, काही मायक्रॉन वर रेझिनमध्येच झाली होती.

तेव्हापासून काच बसवण्याआधी मल्टिमीटर लावतो. ज्या बाजूला रोधाचा आकडा येतो, म्हणजे वीज वाहते, ती लेपाची, रेझिन तिच्यावर. शिवाय छपाई काचेच्या आत अर्धा-एक मायक्रॉनपासून सुरू करतो. ऑटोफोकस लागत नसेल तर हाताने लावू नका, कारण शोधा.

डेव्हलपिंगमध्ये घाई करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पीजीएमईए या डेव्हलपरमध्ये 20 मिनिटं, मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुणं. भिंग जाड असेल तर आणखी वेळ. पाचव्या मिनिटाला चिमटा घालून बघणाऱ्यांच्या भिंगाच्या पायथ्याशी रेझिनची साय राहते आणि मग “प्रतिमा धूसर का?” म्हणून विचारत येतात. 2016 मध्ये स्टुटगार्ट विद्यापीठातल्या गटाने दाखवलेली एकावर एक भिंगांची रचना बघून सगळ्यांना तसलंच काही करायचं असतं. करा, पण दोन भिंगांमधली पोकळी चहूबाजूंनी बंद करू नका. आतलं रेझिन बाहेर येणार कुठून? कडेला भिंत नको, खांब द्या.

रेझिन पिवळ्या दिव्याखालीच उघडा. भिंग एका स्कॅन-क्षेत्रात (काच न हलवता लेझर पोचतो तेवढ्या जागेत) मावत असेल तर जोड देऊ नका, सांधा प्रतिमेत दिसतो.

आणि आकुंचन. घट्ट होताना रेझिन आक्रसतं, त्यातही काचेला चिकटलेला पाया जागेवर राहतो आणि वरचा भाग ओढला जातो, म्हणजे वक्रता बदलते. डिझाइनमध्ये सगळीकडे सरसकट दोन-तीन टक्के वाढवून हे सुटत नाही. छापा, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर आकार मोजा, फरक डिझाइनमधून वजा करा, पुन्हा छापा. माझं भिंग सहसा तिसऱ्या खेपेला बसतं. पहिल्याच खेपेला बसलं की मी आधी मोजमापच पुन्हा तपासतो.