टेस्ट सर्व्हर सुरू आहे का? स्क्रिप्टमधून तपासताना या चुका टाळा

भर दुपारी लाईन जाते, इन्व्हर्टर थोड्या वेळात मान टाकतो. लाईन आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा चालवली की सगळ्या टेस्ट लाल. दोष टेस्टचा नसतो, ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारा सेलेनियम सर्व्हरच उठलेला नसतो. पुसद असो की चिखली, कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरून काम करणाऱ्यांकडे हे नेहमीचंच. म्हणून टेस्टच्या आधी सर्व्हर तपासायलाच हवा, पण नेमकं तपासण्यातच चुकतं.

बहुतेक जण प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम शोधतात. ‘पीएस’ कमांड चालू प्रोसेसची यादी देते; तिच्यात शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडने ‘सेलेनियम’ शोधलं की ग्रेपची स्वतःचीच ओळ सापडते आणि सर्व्हर बंद असूनही स्क्रिप्ट ‘सुरू आहे’ म्हणते. पीआयडी फाइल, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेली फाइल, त्याहून फसवी. वीज अचानक गेली तर ती फाइल पुसायला कोणी उरत नाही. मशीन चालू झाल्यावर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो, आणि त्या नंबरवरची तपासणी खुशाल पास होते.

पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो, उघडा असणंही पुरेसं नाही. पोर्ट तपासणाऱ्या एनसी कमांडने सेलेनियमच्या ४४४४ वर कोणीतरी ऐकतंय एवढंच कळतं. तो अडकून पडलेला जुना सर्व्हर असू शकतो, किंवा नोड (ब्राउझर चालवणारा भाग) न जोडलेला नुसता हब (टेस्ट वाटून देणारा भाग).

खात्रीचं उत्तर सर्व्हरकडूनच घ्या. १२७.०.०.१ (म्हणजे आपलंच मशीन) च्या ४४४४ पोर्टवर कर्लने, म्हणजे वेबपत्ता मागवणाऱ्या कमांडने, ‘/स्टेटस’ मागा. जेसन या मजकुराच्या स्वरूपात येणाऱ्या उत्तरामध्ये ‘व्हॅल्यू’च्या आत ‘रेडी’ असतं. ते ‘ट्रू’ असेल तरच टेस्ट सोडा. नोड नसलेला हब उत्तर देतो, पण तिथे ‘फॉल्स’ असतं, म्हणून नुसतं उत्तर आलं यावर समाधान मानू नका.

पत्ता जुन्या ट्युटोरियलमधून उचलू नका. सेलेनियम ३ मध्ये ‘/डब्ल्यूडी/हब/स्टेटस’ होता. मोबाइल अ‍ॅप तपासणाऱ्या अ‍ॅपियमचा पोर्ट ४७२३, आणि त्याच्या आवृत्ती २ पासून ‘/डब्ल्यूडी/हब’ मुळात लागत नाही. तिथे जुना पत्ता दिला तर ४०४, म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’, येतो. इथेच कर्लचा सापळा आहे: ४०४ आला तरी कर्लचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्यच. ‘फेल’ पर्याय लावला तर २२ मिळतो. ७ आला तर त्या पोर्टशी जोडणीच झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली. ‘मॅक्स-टाइम’ २ सेकंद ठेवा, नाहीतर अडकलेल्या सर्व्हरसमोर स्क्रिप्टही अडकून बसेल.

कॉलेजच्या नेटवर्कसाठी प्रॉक्सी (नेटची मागणी मधून पुढे पाठवणारा सर्व्हर) सेट केलेला असेल तर कर्ल आपल्याच मशीनचा पत्ताही प्रॉक्सीकडे विचारायला जातो. ‘नोप्रॉक्सी’ पर्यायात १२७.०.०.१ लिहा.

सर्व्हर सुरू करून ‘स्लीप ५’ टाकणं ही सर्वांत महागडी सवय. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर पाच सेकंदांत जावा धड उठतही नाही. उलट दर सेकंदाला स्टेटस विचारा, जास्तीत जास्त साठ वेळा. ‘ट्रू’ मिळताच पुढे जा, नाही मिळालं तर सर्व्हरच्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी छापून शून्याखेरीज कोडने बाहेर पडा.

विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘कर्ल’ लिहिलं तर वेगळीच कमांड चालते. तिथे शेवटी ‘.ईएक्सई’ जोडून लिहा.

ही तपासणी मशीनच्या आतच होते, मोबाइलचं नेट गेलं तरी ‘रेडी’ ट्रू राहतं. टेस्ट बाहेरची साइट उघडत असेल तर नेटची तपासणी स्क्रिप्टमध्ये वेगळी ठेवा.