इस्रायल-पॅलेस्टाईनवरच्या चर्चेला जाताय? या चुका टाळा

लंडन, न्यू जर्सी, टोरांटो अशा शहरांत ज्यू, पॅलेस्टिनी आणि इतर शेजारी एकत्र बसून या प्रश्नावर बोलतात. कधी चर्चच्या सभागृहात, कधी सिनेगॉगमध्ये म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, कधी वाचनालयाच्या एखाद्या खोलीत. तिथली मराठी मंडळीही जातात, आणि जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पण या बैठका फिसकटतात त्या बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी.

दुःखाला प्रतिप्रश्नाने उत्तर देणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. एका बैठकीत एक पॅलेस्टिनी तरुण गाझातल्या खान युनिस शहरातल्या आत्याबद्दल सांगत होता. घर पडलेलं, तंबूत राहणं चाललेलं, आणि तिला पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशावर कित्येक दिवस एकच टिक. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच पहिला प्रश्न आला, "तुम्ही हमासचा निषेध करता का?" त्याने फोन खिशात घातला आणि शेवटपर्यंत तो बोलला नाही. दुसऱ्या एका बैठकीत, नोव्हा संगीत महोत्सवात मारल्या गेलेल्या भाच्याची आठवण सांगणाऱ्या बाईंना लगेच ऐकावं लागलं, "मग गाझातल्या मुलांचं काय?"

दोन्ही प्रश्न विचारण्यासारखेच आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात, ज्यात नोव्हा महोत्सवही होता, सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात हजारो-हजारो माणसं गेली. हे आकडे ठाऊक असल्याशिवाय चर्चेला जाऊच नये. पण समोरचा माणूस आपल्या घरातलं मरण सांगत असताना दुसऱ्याचं मरण पुढे केलं, की ते उत्तर राहत नाही, तोंड बंद करणं होतं.

या संघर्षात जवळची माणसं गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांची 'पेरेंट्स सर्कल' ही संघटना १९९५ पासून काम करते. ती सुरू करणाऱ्या यित्झाक फ्रँकेन्थाल यांच्या मुलाला, आरिकला, १९९४ मध्ये हमासने मारलं होतं. त्यांच्या सभांत एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी आपापली हकीकत पूर्ण सांगतात, प्रश्न त्यानंतर. हा क्रम आपल्या बैठकीतही पाळा. मध्येच बोलून गेलात तर तिथल्या तिथे म्हणा, "तुमचं राहिलं होतं, आधी ते सांगा." सारवासारव करत बसू नका.

इतिहास आपल्या सोयीच्या वर्षापासून सुरू करणं

एकजण १९१७ पासून सुरू करतो, कारण त्या वर्षी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ब्रिटनच्या वतीने ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घराचं आश्वासन दिलं. दुसरा १९२९ पासून, कारण तेव्हा हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची कत्तल झाली. कुणासाठी १९४८, जेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबासाठी १९५०-५१, जेव्हा लाखावर ज्यू इराक सोडून विमानांनी इस्रायलला आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) माणसासाठी १९६७, तेव्हापासून तिथे इस्रायलचा लष्करी अंमल. यातलं एकही वर्ष खोटं नाही. भांडण होतं ते "खरी सुरुवात" कुठली यावर, आणि त्यातच सगळी संध्याकाळ जाते.

त्यापेक्षा सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारा, तुमच्या घरासाठी हे कुठल्या वर्षी सुरू झालं? ती वर्षं फळ्यावर लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

आपल्याकडचा वाद तिथे नेणं

आपल्या लोकांना हे खास सांगायला हवं. हिंदू-मुस्लिम, काश्मीर, फाळणी यांची मापं लावून आपण पाच मिनिटांत बाजू ठरवून मोकळे होतो. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत, आणि इस्रायलच्या नागरिकांपैकी साधारण पाचवा हिस्सा अरब आहे. भारताचा इतिहासही सरळ नाही. १९४७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या विभाजनाविरुद्ध मत दिलं, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला, आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले १९९२ मध्ये.

आपला खरा धागा वेगळाच आहे. अलिबाग, रेवदंड्याकडची बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची कुटुंबं इस्रायलमधल्या लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथे जाऊन राहिली. जुन्या पिढीची माणसं आजही घरात मराठी बोलतात. त्याच लोद आणि रामल्यातून जुलै १९४८ मध्ये हजारो पॅलेस्टिनींना हाकलून लावलं होतं. मे २०२१ मध्ये लोदमध्ये ज्यू-अरब दंगल पेटली. भारताचा दाखला द्यायचाच तर हा द्या, कारण यात दोन्ही बाजूंची माणसं दिसतात.

बैठक भरवणाऱ्यांच्या चुका

सूत्रसंचालक एकच नको. नेव्हे शालोम / वाहत अल-सलाम या इस्रायलमधल्या ज्यू-अरब गावातल्या शांतिशाळेत गटासोबत एक ज्यू आणि एक अरब असे दोन संचालक असतात, आणि काही वेळ दोन्ही गट वेगवेगळेही बसतात. तणातणी वाढली की वेगळं बसण्याचा उपयोग होतो, आपले लोक आपल्याशी जास्त खरं बोलतात. भाषांतराची सोय ठेवा आणि त्यासाठी थांबा. सगळं इंग्रजीत चाललं तर अस्खलित इंग्रजीवाला जिंकतो. जागाही विचारपूर्वक निवडा. तिकडे बेथलेहेमजवळच्या बेत जालात अशा बैठका होतात त्या, तिथल्या काही भागात दोन्हीकडच्यांना परवान्याविना येता येतं म्हणून.

न आलेल्यांना अतिरेकी ठरवणं

अनेक पॅलेस्टिनी या बैठकांना मुद्दाम येत नाहीत. इस्रायलचा कब्जा चालू असताना गोड संवाद म्हणजे त्या कब्ज्याला रोजचं, साधं करून टाकणं, असं त्यांचं म्हणणं आहे. दुसरीकडे, बैठकांना येणाऱ्या इस्रायलींना कधी घरचेच लोक गद्दार म्हणतात. दोन्ही गोष्टी बैठकीत उघड बोला. न येणाऱ्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत वाचून दाखवता आला तर उत्तम, पण त्याला विचारून.

आणि बैठक मोडलीच, कुणी उठून गेलं, तर ग्रुपवर खुलासे टाकू नका. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करा, पुढची तारीख त्याच्या सोयीने ठरवा.